अंधारयुगांतील नकलनवीस

इतिहासांतील कालखंडांना नांवें देणारे लोक बहुधा त्या कालखंडांचे वारस असतात, आणि वारसांना पूर्वजांविषयीं नेहमींच न्यायबुद्धि असते असें नाहीं. पश्चिम युरोपांतील रोमन साम्राज्य इ. स. ४७६ मध्यें मोडलें. तेथपासून इ. स. १००० पर्यंतच्या पांचशें वर्षांना 'अंधारयुग' हें नांव पडलें, आणि शाळेच्या पुस्तकांतून तें आपणहि पाठ केलें. रानटी टोळ्या आल्या, नगरें ओस पडलीं, विद्या बुडाली, नाट्यगृहांत गवत वाढलें. मग एके दिवशीं इटलींत पुनरुज्जीवन झालें व दिवा लागला, अशी ती गोष्ट आहे. तींत खोटें फारसें नाहीं. नगरें खरोखरच ओस पडलीं होतीं व नाट्यगृहांत खरोखरच गवत वाढलें होतें. परंतु दिवा लावणाऱ्यांना तेल कोठून मिळालें, हें त्या गोष्टींत सांगितलेलें नसतें.

श्रोतेहो, आज मला त्या अंधारांत बसून नकला करीत राहिलेल्या माणसांविषयीं बोलावयाचें आहे. 'नक्कल' हा शब्द मी मुद्दाम वापरतों. आपल्या भाषेंत नक्कल म्हणजे लेखाची प्रत, आणि नक्कल म्हणजे दुसऱ्याचें घेतलेलें सोंगहि. दोन्ही अर्थांना थोडा हलकेपणाचा वास आहे. युरोपच्या त्या पांचशें वर्षांतील विद्या, वास्तुकला आणि नाट्य हीं तिन्ही नकलेंतूनच उभीं राहिलीं. तीं कशीं उभीं राहिलीं, एवढेंच पाहूं.

आरंभ एका ग्रंथापासून करतों. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर वेअरमथ व जॅरो असे दोन जोडमठ होते. इंग्रजांचा पहिला मोठा इतिहासकार बीड हा लहानपणापासून येथेंच वाढला व ७३५ सालीं जॅरो येथेंच वारला. या मठांचा अधिपति चेओलफ्रिथ यानें रोमहून एक प्रचंड लॅटिन बायबल आणविलें होतें. संपूर्ण बायबल एकाच बांधणींत असणें ही त्या काळीं दुर्मिळ गोष्ट. बहुतेक ठिकाणीं त्याचे निरनिराळे भागच निरनिराळे लिहिले जात. चेओलफ्रिथनें तशा तीन प्रती करण्याचें ठरविलें. दोन मठांना एक एक, आणि तिसरी रोमला पोपच्या भेटीसाठीं.

युरोपांत त्या वेळीं कागद नव्हता. ग्रंथ लिहावयाचा तो कातड्यावर. वासराचें कातडें चुन्याच्या पाण्यांत भिजत घालावयाचें, केस खरवडून काढावयाचे, चौकटीवर ताणून अर्धचंद्राकृति सुरीनें दोन्ही बाजूंनीं तासावयाचें, वाळवावयाचें, आणि मग त्याची एक घडी घालून दोन पानें करावयाचीं. शाई मायफळ व हिराकस यांची, लेखणी हंसाच्या पिसाची. चेओलफ्रिथच्या एका प्रतीस १०३० पानें लागलीं, म्हणजे सुमारे ५१५ वासरांचीं कातडीं. तीन प्रतींचा हिशेब श्रोत्यांनींच करावा. हीं वासरें मठाच्या जमिनींवर राबणाऱ्या लोकांनीं पोसलीं होतीं. ग्रंथांत त्यांचीं नांवें कोठेंहि नाहींत.

७१६ सालीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, चेओलफ्रिथनें अधिकार सोडला आणि तिसरी प्रत घेऊन तो रोमच्या वाटेला लागला. ग्रंथाचें वजन सुमारे ३४ किलो. वाटेंत फ्रान्समधील लांग्र येथें त्याच वर्षाच्या २५ सप्टेंबरला त्याला मृत्यु आला. ग्रंथ पुढें इटलींतील मॉन्ते अमियाता येथील एका मठांत येऊन पडला. तेथें कोणीतरी अर्पणपत्रिकेंतील चेओलफ्रिथचें नांव खरवडून त्या जागीं पीटर नांवाच्या एका लाँबार्डाचें नांव घातलें. झालें! त्यानंतर शेंकडों वर्षें हा ग्रंथ इटालियन मानला गेला. अक्षर रोमन वळणाचें, चित्रें रोमन धाटणीचीं. तें उत्तरेकडील 'रानटी' इंग्रजांचें काम असेल अशी शंका घेण्याचेंहि कोणाला कारण वाटलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खरवडलेल्या जागेखालचीं अक्षरें विद्वानांनीं पुन्हा जुळविलीं, आणि चेओलफ्रिथच्या एका प्राचीन चरित्रांत तीच अर्पणपत्रिका मूळ नांवासह मिळाली, तेव्हां मालकी ठरली. नक्कल इतकी उत्तम वठली होती कीं, तिनें नकलकारालाच पुसून टाकलें. आज तो ग्रंथ फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांत आहे. २०१८ मध्यें तो एका प्रदर्शनासाठीं लंडनला नेण्यांत आला. तेराशें दोन वर्षांनीं तो प्रथमच मायदेशीं गेला. बाकीच्या दोन प्रतींपैकीं कांहीं सुटीं पानें व तुकडे तेवढे उरले आहेत. त्यांतील कांहीं पानें सोळाव्या शतकांत एका जमीनदाराच्या दप्तरांवर वेष्टनें म्हणून गुंडाळलेलीं होतीं.

याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेस लिंडिस्फार्न नांवाचें बेट आहे. भरतीच्या वेळीं तें बेट, ओहोटीच्या वेळीं नुसतें टोंक. आठव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत तेथें चार शुभवर्तमानांचा एक सचित्र ग्रंथ तयार झाला; तो तेथील बिशप ईडफ्रिथ यानें लिहिला असें त्यांतच दहाव्या शतकांत केलेल्या एका नोंदींत म्हटलें आहे. जॅरोच्या नकलनवीसानें अक्षर व चित्र दोन्ही रोमकडून घेतलीं. ईडफ्रिथनें मजकूर घेतला, सजावट मात्र घरची केली. आयर्लंडच्या सोनारकामांतील वेटोळीं, सॅक्सन तलवारींच्या मुठींवर दिसणारे एकमेकांच्या शेपट्या चावणारे प्राणी आणि पक्षी, हें सारें त्यानें बायबलाच्या पानावर आणलें. प्रत्येक शुभवर्तमानाच्या आरंभीं गालिच्यासारखें एक संपूर्ण नक्षीचें पान आहे. ल्यूकच्या आरंभींच्या पानावर अक्षरांभोंवतीं दहा हजारांहून अधिक तांबडे ठिपके दिलेले आहेत. या ग्रंथांतील निळा रंग बदख्शानच्या खाणींतील लाजवर्दी दगडाचा, असें पूर्वीं पुष्कळांनीं लिहिलें. अलीकडील प्रकाशपरीक्षेंत तो निळीच्या जातीच्या वनस्पतीचा निघाला. मला यांत निराशा वाटत नाहीं. शेजारच्या शेतांतील पाल्यापासून एवढा रंग निघाला, हें उलट अधिक नवलाचें आहे.

७९३ च्या जूनमध्यें उत्तरेकडील समुद्रचाच्यांनीं हें बेट लुटलें. मठवासी मारले गेले, कांहीं गुलाम म्हणून नेले गेले. ग्रंथ वांचला. ही बातमी ज्यांना कळली त्यांत आल्क्विन नांवाचा एक अध्यापक होता. तो यॉर्कचा, तेथील शाळेंत शिकला, तेथेंच शिकवूं लागला, आणि तेथील ग्रंथसंग्रहाची व्यवस्थाहि त्याच्याकडेच होती. आतां मात्र तो समुद्रापलीकडे फ्रँक लोकांच्या राजाजवळ होता. लिंडिस्फार्नच्या बिशपला त्यानें लिहिलेलें सांत्वनाचें पत्र उपलब्ध आहे. येथून आपणहि त्याच्याबरोबर समुद्र ओलांडूं.

फ्रँकांचा राजा शार्लमेन यानें आजचा बहुतेक पश्चिम युरोप तलवारीनें जिंकला होता. इ. स. ८०० च्या नाताळांत रोममध्यें पोपनें त्याच्या मस्तकावर सम्राटाचा मुकुट ठेवला. ७८१ मध्यें इटलींत पार्मा येथें त्याची व आल्क्विनची गांठ पडली, आणि राजानें त्याला आपल्या दरबारीं बोलाविलें. या राजाविषयीं भाबडेपणानें बोलण्याचें कारण नाहीं. ७८२ सालीं वेर्डेन येथें त्यानें ४५०० सॅक्सन लोकांचा शिरच्छेद करविला, असें त्याच्याच बाजूच्या बखरींत नमूद आहे. हा सॅक्सन लोकांचा संदर्भ श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. शेवटीं तो पुन्हा येणार आहे.

याच राजाचें दुसरें चित्र त्याचा चरित्रकार आइनहार्ड यानें काढलें आहे. म्हातारपणीं राजाला लिहावयास शिकण्याची हौस आली. पाट्या व कोरीं पानें तो उशाखालीं ठेवी आणि रिकाम्या वेळीं अक्षरें गिरवी. परंतु आरंभ फार उशिरां केल्यामुळें हात वळला नाहीं. ज्याला स्वतःला नीट लिहितां येईना, त्यानें युरोपला लिहावयास लावलें. ७८९ च्या त्याच्या आज्ञापत्रांत प्रत्येक मठांत व प्रत्येक बिशपच्या स्थानीं मुलांसाठीं शाळा असाव्या, असें फर्माविलें आहे. स्तोत्रें, गायन, पंचांगगणित व व्याकरण हे विषयहि सांगितले आहेत. कारण अगदीं व्यवहारी दिलें आहे : लोकांना प्रार्थना नीट करावयाची असते, पण पुस्तकेंच चुकीचीं असल्यामुळें ते ती चुकीची करतात. धर्मग्रंथाची प्रत करावयाची तर ती पोरासोरांकडून करवूं नये, पोक्त माणसांनीं काळजीपूर्वक लिहावी, असेंहि त्यांत आहे.

शुद्ध प्रतीची ही निकड लागली, आणि तींतून अक्षराचा प्रश्न उपस्थित झाला. तोंपर्यंत प्रत्येक प्रांताचें वळण निराळें होतें. फ्रँक कारकुनांचें अक्षर तर जोडाक्षरांच्या गुंतवळ्यांत सांपडलेलें, शब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्हांचा ठिकाणा नाहीं. मोडी व बाळबोध यांतील फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगावें लागणार नाहीं. हात न उचलतां लिहिलेली मोडी लिहिणाऱ्याच्या सोयीची असते, बाळबोध वाचणाऱ्याच्या. कॉर्बी वगैरे मठांतून एक सुटें, गोल, स्वच्छ, बाळबोध वळण आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत हळूहळू तयार होत होतें. शार्लमेनच्या राज्यांत तें सर्वत्र पसरलें. प्रत्येक अक्षर वेगळें, शब्दाशब्दांत जागा, वाक्याच्या आरंभीं जुन्या रोमन शिलालेखांतील मोठें अक्षर. याला आज 'कॅरोलिंगियन' वळण म्हणतात. तें आल्क्विननें शोधून काढलें असें कित्येकदां सांगतात, तें खरें नव्हे. पण ७९६ पासून तो तूर येथील मठाचा अधिपति झाल्यावर त्या मठांतून या वळणांत लिहिलेलीं सबंध बायबलें बाहेर पडूं लागलीं, आणि त्याच्या मृत्यूनंतरहि पन्नास वर्षें तें काम चाललें. तूरहून त्यानें राजाला एक विनंति केली होती : यॉर्कला माझीं पुस्तकें आहेत, तीं येथें आणण्यासाठीं कांहीं विद्यार्थी पाठविण्याची परवानगी असावी. यॉर्क ८६६ मध्यें चाच्यांच्या हातीं गेलें. आल्क्विननें ज्याची सूचि पद्यांत करून ठेवली होती, तो ग्रंथसंग्रह आज कोठेंहि नाहीं.

या लेखनयज्ञाचा आकार किती होता? इ. स. ८०० पूर्वींचीं लॅटिन हस्तलिखितें, तुकडे धरून, सुमारे १८०० उरलीं आहेत. एकट्या नवव्या शतकांतलीं सुमारे ७००० आहेत. त्यांत बायबल व धर्मशास्त्र पुष्कळ. पण व्हर्जिल, सिसेरो, सीझर हेहि आहेत. नकलनवीसांनीं ज्यांना ते पाखंडी समजत त्यांचेहि ग्रंथ उतरून ठेवले. आत्मा नश्वर आहे आणि देव जगाची पर्वा करीत नाहींत असें सांगणारा लुक्रेशियस आज आपणांस वाचतां येतो, तो नवव्या शतकांत भिक्षूंनीं केलेल्या दोन प्रतींच्या आधारें. टॅसिटसच्या रोमन इतिहासाचीं पहिलीं सहा प्रकरणें एकाच प्रतीनें वांचलीं. ती प्रत इ. स. ८५० च्या सुमारास फुल्दा येथें लिहिली गेली. तिची नक्कल मध्ययुगांत कोणीं केली असेल तर ती उरलेली नाहीं. १५०८ च्या सुमारास ती कॉर्वायच्या मठांतून रोमला आली व १५१५ मध्यें छापली गेली. त्या सहाशें वर्षांत एकच आग लागावयास हवी होती. वास्तुशास्त्रावरील व्हिट्रुव्हियसचा जो ग्रंथ पुढें पुनरुज्जीवनाच्या स्थपतींनीं वेदासारखा मानला, त्याचीहि उपलब्ध सर्वांत जुनी प्रत इ. स. ८०० च्या सुमाराचीच आहे.

आतां 'अंधार' म्हणणाऱ्यांकडे वळतों. चौदाव्या शतकांत पेट्रार्कनें रोमच्या पडावानंतरच्या काळाला काळोखाची उपमा दिली. त्याच्यामागून आलेल्या फ्लॉरेन्सच्या विद्वानांनीं उत्तरेकडील मठ धुंडाळले. पॉज्जो नांवाच्या विद्वानाला १४१६ मध्यें सेंट गॉलच्या मठांतील एका बुरुजाच्या तळाशीं क्विंटिलियनचा संपूर्ण ग्रंथ धूळ खात पडलेला आढळला. १४१७ मध्यें लुक्रेशियस सांपडला. प्राचीनांना आपण बंदिखान्यांतून सोडविलें असें या मंडळींना वाटे. आणि जुन्या पोथ्यांतील तें स्वच्छ अक्षर पाहून ते इतके मोहित झाले कीं, त्यांनीं त्याला 'प्राचीन अक्षर' असें नांव दिलें व स्वतःच्या लेखनासाठीं उचललें. प्राचीन कसलें! तें शार्लमेनच्या भिक्षूंचें अक्षर. पुढें १४७० मध्यें व्हेनिस येथें निकोला जेन्सन यानें याच वळणावरून छापण्याचे खिळे पाडले. आज इंग्रजी वर्तमानपत्र किंवा आगगाडीचें तिकीट ज्या लहान अक्षरांत छापतात, तीं त्याच घराण्यांतलीं. अंधारयुगाला अंधारयुग म्हणणारीं पुस्तकेंहि त्याच अक्षरांत छापलीं गेलीं आहेत.

वास्तुकलेकडे येतांना मला आखेनपाशींच थांबलें पाहिजे, कारण त्या शतकांतील सर्वांत धीट नक्कल तेथें उभी आहे. जर्मनीच्या पश्चिम सीमेवरील या गांवीं उन्हाळीं आहेत. राजाला पोहण्याची आवड, म्हणून त्यानें राजधानीसाठीं ही जागा निवडली, असें आइनहार्ड सांगतो. राजवाड्याला लागून एक देवालय बांधावयाचें ठरलें. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस दगडी घुमट बांधण्याची विद्या तेव्हां जवळजवळ नाहींशी झाली होती. शार्लमेननें रावेन्ना येथें ५४७ मध्यें प्रतिष्ठा झालेलें सान व्हिताले हें अष्टकोनी देवालय पाहिलें होतें. तसें आपल्याला पाहिजे, असें त्यानें ठरविलें. स्थपतीचें नांव मेट्झचा ओडो असें परंपरेनें सांगतात. पोप हेड्रियननें रावेन्नाच्या जुन्या राजवाड्यांतील संगमरवर व मीनाकाम उचलून नेण्याची परवानगी दिली. रोम व रावेन्नाहून खांब गाड्यांवर घालून पर्वतापलीकडे आणले. ७९८ च्या सुमारास ते उभे राहत होते, असें आल्क्विनच्या एका पत्रावरून दिसतें.

दोन्ही इमारतींचे आराखडे शेजारीं ठेवून पाहावे. मूळ आणि नक्कल यांत साम्य अष्टकोनाचें आणि दोन मजली सज्जांचें. पण सान व्हितालेच्या आंत उभें राहिल्यावर भिंती जणूं वाऱ्यानें फुगल्यासारख्या बाहेर वांकलेल्या दिसतात. तेथील घुमट पोकळ मातीच्या नळ्यांचा, म्हणून हलका. आखेनच्या गवंड्यांना ती युक्ति अवगत नव्हती. त्यांनीं सारें दगडांत केलें. खांब जाड झाले, कमानी सरळ व ताठ झाल्या, बाहेरची भिंत सोळा कोनांची झाली, आणि मधला अष्टकोन विहिरीसारखा तीस मीटरांहून उंच चढत गेला. दूरदेशाहून आणलेल्या सुंदर खांबांवर तर प्रत्यक्ष फारसा भारहि नाहीं. वरच्या कमानींत ते पडद्यासारखे उभे केले आहेत. रावेन्नाची नजाकत येथें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पण वरच्या सज्जावर वेदीसमोर ठेवलेल्या सिंहासनाकडे तोंड वर करून पाहतांना जो दरारा वाटतो, तो रावेन्नांत वाटत नाहीं. ८१४ मध्यें राजाला येथेंच पुरलें, आणि ९३६ पासून १५३१ पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक येथेंच झाले. त्या खांबांचा प्रवास मात्र संपला नाहीं : १७९४ मध्यें फ्रेंच सैन्यानें ते काढून पॅरिसला नेले, १८१५ नंतर बरेच परत आले, कांहीं अद्याप लूव्हर संग्रहालयांत आहेत.

याच्या उलट, कधींच न बांधलेली एक इमारतहि सांगतों. सेंट गॉलच्या त्याच मठांत इ. स. ८२० ते ८३० च्या दरम्यानचा एक नकाशा आहे. चर्मपत्राचे पांच तुकडे शिवून केलेला, लांबी ११२ सेंटिमीटर. रायखेनाउ येथील बंधूंनीं सेंट गॉलचा अधिपति गोत्सबर्ट याला आदर्श मठ कसा असावा हें दाखविण्यासाठीं तो पाठविला. त्यांत चाळीसएक इमारती तांबड्या रेघांनीं काढल्या आहेत, आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरांत तिचा उपयोग लिहिला आहे. देवालयाला लागून लेखनशाळा, तींत सात खिडक्यांखालीं सात मेजें, आणि वर ग्रंथालय. बाहेरच्या मुलांची शाळा. वैद्याचें घर व त्याच्या शेजारीं औषधी वनस्पतींचे सोळा वाफे. भाकऱ्या भाजण्याच्या भट्ट्या. कोंबड्यांचें व हंसांचें खुराडें. आणि फळबाग, जी स्मशानहि आहे. झाडांच्या ओळींमधून बंधूंच्या समाधींच्या जागा आंखल्या आहेत. मला हा नकाशा त्या युगांतील कोणत्याहि काव्यापेक्षां अधिक बोलका वाटतो. सात मेजांना सात खिडक्या देणारा मनुष्य स्वतः केव्हांतरी अंधुक उजेडांत लिहीत बसलेला असला पाहिजे! तो वांचला तोहि नकलेच्या कृपेनें. बाराव्या शतकाच्या अखेरीस कोणा लेखकाला चर्मपत्र कमी पडलें. त्यानें नकाशा उलटा करून मागें संत मार्टिनचें चरित्र उतरलें, घडी घातली, आणि तें पुस्तक म्हणून ग्रंथालयांत राहिलें. शेवटीं जागा पुरेना, तेव्हां पुढील बाजूची एक इमारत खोडून त्यानें चरित्र पुरें केलें.

आतां नाट्य. येथें अंधार खरोखर दाट होता. रोमन रंगभूमि बंद पडली होती. धर्माधिकारी नटांना पापी समजत. तरीहि टेरेन्सचीं विनोदी नाटकें व्याकरणासाठीं वाचलीं जात. त्याची ८२५ च्या सुमाराची एक सचित्र प्रत व्हॅटिकनमध्यें आहे. चित्रकार आदेलरिकस यानें आपलें नांव चित्रांतच दडवून ठेवलें आहे. तोंडाला मुखवटे लावलेले नट हात नाचवीत उभे आहेत. शेवटीं आपल्या जुन्या नमुन्यांत जसे होते तसेच ते त्यानें काढले. आदेलरिकसनें मुखवटा घातलेला नट जन्मांत पाहिला नसावा. ज्या कलेचा एकहि प्रयोग होत नव्हता, तिच्या हावभावांची तो नक्कल करीत होता.

आणि त्याच शतकाच्या पुढें, नाटकाचा तिटकारा करणाऱ्या देवालयांतच, नाटक जन्मलें. इ. स. ९७० च्या सुमारास विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्ड यानें इंग्लंडच्या मठांसाठीं आचारसंहिता तयार केली. तींत ईस्टरच्या पहाटेसाठीं पुढील सूचना आहेत. तिसरा पाठ चालूं असतां एका बंधूनें पांढरा झगा घालून, कोणाच्या लक्षांत न येतां, समाधि म्हणून मांडलेल्या जागेपाशीं जावें व हातांत ताडाची फांदी घेऊन स्वस्थ बसावें. मग आणखी तिघांनीं लांब अंगरखे पांघरून, हातीं धूपदानें घेऊन, कांहीं शोधीत असल्यासारखें अडखळत अडखळत यावें. पहिला देवदूत, तिघे म्हणजे येशूच्या देहाला सुगंधी द्रव्यें लावावयास आलेल्या स्त्रिया. देवदूतानें मध्यम व मधुर स्वरांत त्यांना कोणाचा शोध आहे म्हणून विचारावें. त्यांनीं नाझरेथच्या येशूचें नांव घ्यावें. तो येथें नाहीं, उठला आहे, असें त्यानें सांगावें. मग पडदा दूर करून रिकामी जागा दाखवावी. तेथें क्रूस नाहीं. तो ज्यांत गुंडाळला होता तीं वस्त्रें तेवढीं आहेत. तीं उचलून स्त्रियांनीं सर्वांस दाखवावीं, आणि स्तोत्र सुरू होतांच सर्व घंटा एकदम वाजवाव्या.

चार ओळींचा संवाद. पण वेष, हावभाव, चाल, स्वर, वस्तु आणि पडदा, सारें आलें. 'असल्यासारखें' या एका शब्दांत सोंग आलें. तीन पुरुष क्षणभर स्त्रिया झाले. ही रंगभूमि नव्हे, ही उपासना आहे, असें एथेलवोल्ड म्हणाला असता, आणि तेंहि खरेंच होतें.

त्याच वेळीं जर्मनींत एका बाईनें दुसऱ्या वाटेनें नाटक गांठलें. मघां ज्या सॅक्सन लोकांविषयीं बोललों, त्यांच्या सरदारघराण्यानें ८५२ मध्यें गँडर्सहाइम येथें स्त्रियांचा मठ स्थापिला. वेर्डेनच्या हत्याकांडानंतर दोनशें वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच त्या मठांतील ह्रोत्स्विता नांवाची सॅक्सन स्त्री लॅटिनमध्यें नाटकें लिहीत होती. आपल्या प्रस्तावनेंत ती कारण सांगते : पुष्कळ ख्रिस्ती लोक भाषेच्या गोडीसाठीं टेरेन्स वाचतात आणि त्यांतील विषयानें बिघडतात, तेव्हां त्याच्याच पद्धतीनें, पण निर्लज्ज स्त्रियांऐवजीं धर्मनिष्ठ कुमारिकांचें वर्णन मी करीन. अशीं सहा नाटकें तिनें लिहिलीं. एकांत दुल्सिटियस नांवाचा कामांध अधिकारी रात्रीं कोंडलेल्या तीन बहिणींच्या शोधांत स्वयंपाकघरांत शिरतो, भ्रम होऊन तवे आणि मडकीं यांनाच आलिंगन देतो, आणि काजळीनें माखून बाहेर येतो; त्याचेच शिपाई त्याला भूत समजून पळतात. बहिणी फटींतून पाहून हंसतात. दुसऱ्या एका नाटकांत सम्राट हेड्रियन एका आईला तिच्या मुलींचीं वयें विचारतो. आई त्याला गणितांत गुंतविते. धाकटी आठ, मधली दहा : या संख्यांच्या भाजकांची बेरीज संख्येहून कमी भरते. थोरली बारा : हिच्या भाजकांची बेरीज सोळा, म्हणजे संख्येहून अधिक. मृत्यूच्या दारांत उभी असलेली ती आई जगाच्या सम्राटाला शाळेंतील पोराप्रमाणें बसवून शिकविते. ज्या मठाच्या शाळेंत ह्रोत्स्विता शिकली, तिला याहून मोठी दक्षिणा कोणती असणार?

हीं नाटकेंहि पांचशें वर्षें पडून राहिलीं. १४९३ च्या सुमारास रेगेन्सबुर्गच्या एका मठांत कोनराड केल्टिस या विद्वानाला त्यांची पोथी सांपडली व १५०१ मध्यें ती त्यानें छापली. त्यानंतर, १८६७ मध्यें, आशबाख नांवाच्या एका इतिहासकारानें जाहीर केलें कीं, दहाव्या शतकांतील कोणा जोगिणीच्या हातून असें लॅटिन लिहिलें जाणें संभवत नाहीं. केल्टिस व त्याच्या मित्रांनीं हीं नाटकें स्वतः रचून जुनीं म्हणून खपविलीं. पोथी म्यूनिकच्या ग्रंथालयांत होतीच. विद्वानांनीं तिचें अक्षर तपासलें. तें इ. स. १००० च्या सुमाराचें, सुटें, गोल, कॅरोलिंगियन वळणाचें निघालें. पुढें १९२२ मध्यें कोलोन येथें तिच्या पहिल्या चार नाटकांची बाराव्या शतकांत केलेली आणखी एक नक्कल मिळाली. ती लिहिली गेली तेव्हां केल्टिसच्या जन्माला सुमारे तीनशें वर्षें अवकाश होता.